दिवा हलत नव्हता

“हात वर घे! पाटील, हात वर! सुरी वर!”

एवढ्या मोठ्यानं तू उभ्या आयुष्यात ओरडला नव्हतास, मुजीब. लातुरातल्या माझ्याच ऑपरेशन थिएटरात, उमरीच्या एका अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्याकडं, भूल देणाऱ्याच्या जागी उभा राहून, हिरव्या पडद्यावरनं मान बाहेर काढून तू ओरडलास, आणि त्या आवाजानं बाहेर उभ्या असलेल्या तीन मोटारींचे भोंगे सुरू झाले. बरं, तीन नसतील. एकीचा तरी झालाच.

त्याच्या आधी घटकाभर काय झालं, ते तुला माहीत आहे. पण इतरांना मी ते आजवर वेगळंच सांगत आलोय, म्हणून एकदा खरं सांगू दे. पोरीचं अपेंडिक्स होतं, आणि काम निम्म्यावर आलं होतं. मी हातातला चिमटा ठेवायला ट्रेकडं नेला, आणि तो ट्रेच्या काठावर वाजायला लागला. किण किण किण किण. थांबेचना. तशा खोलीतल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या. सुलोचना सिस्टरची, माझ्या मदतीला उभ्या असलेल्या डॉक्टर अर्चनाची, कमरेखाली बधिर होऊन पडलेल्या त्या पोरीचीसुद्धा. वर छताला लटकलेला मोठा दिवा होता, त्याकडं.

लातूरकराला हे शिकवावं लागत नाही. भांडं वाजलं की वर बघायचं. पंखा, दिवा, काय लटकलेलं असेल ते हलतंय का बघायचं. हलत असलं तर पोरंबाळं उचलून बाहेर पळायचं, नसलं तर राहिलेला चहा प्यायचा. भूकंप होऊन एक पिढी उलटली तरी मान आपली आपण वर जाते. ही पोर तर भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली, तीही तिकडं उमरीला. पण दोन वर्षं क्लाससाठी लातुरात काढली, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर तेवढं तीही शिकली.

“धक्का बसला का ओ, काका?” तिनं तुला विचारलं.

दिवा हलत नव्हता.

सगळे दिव्याकडं बघत होते. तू एकटा माझ्या हाताकडं बघत होतास. आणि मी, पक्का बेरड, “बारका धक्का होता, गेला,” म्हणालो, सुरी उचलली आणि पोटाकडं वळलो. तेव्हा तू ओरडलास.

सुरी अर्चनानं माझ्या हातातनं काढून घेतली. पुढचं सगळं तिनं केलं, आणि माझ्यापेक्षा बरं केलं. मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून भिंतीपाशी उभा राहिलो, दर्ग्यात उभा राहावा तसा. पोर रडकुंडीला आली होती. “काका, नीटची परीक्षा आठ दिवसांवर हाय माझी.” तू तिच्या केसांवरनं हात फिरवत म्हणालास, “सगळं नीट होऊन राहिलंय बेटा. मी ओरडलो ते ह्या पाटीलकाकावर. तो लहानपणापासून ऐकत न्हाई.”

आज रविवार. परवाच्या शुक्रवारी, दोन पेशंटच्या मधल्या पाच मिनिटांत, आपल्या खुर्चीत बसल्याबसल्या तू गेलास. आत बोलवायची वाट बघत बाहेर बसलेल्या माणसाला वाटलं, डॉक्टर विचार करून राहिलेत. तो म्हणे अर्धा तास थांबला. तुझ्या आताच्या धंद्यात अर्धा तास गप्प बसलेला डॉक्टर म्हणजे चांगला डॉक्टर.

उद्या सोमवार. उद्या सकाळी नऊला माझ्या टेबलावर कांबळे सरांचा गळा आहे. म्हणून तुझ्याशी आजच बोलायला पाहिजे.

मी सर्जन, चाकूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. तू नांदेडच्या गाद्या पिंजणाऱ्याचा. तू म्हणायचास, “बापानं गाद्या भरून नांदेड झोपवलं, मी इंजेक्शन भरून लातूर झोपवतो. खानदानी धंदा है.” तुझ्या स्कूटरला मागं ती भुलीची पेटी बांधलेली असायची, आणि सकाळी सातपासून तू ह्या दवाखान्यातनं त्या दवाखान्यात. औसा रोडला एक म्हैस होती, तुझी स्कूटर लांबनं ऐकली की मटकन खाली बसायची. हे मी हजार वेळा सांगितलंय आणि हजार वेळा तू म्हणालास, “म्हैस नव्हती, रेडा होता.” असा साथीदार पुन्हा कुठं मिळायचा? मी एक हात थाप मारावी आणि तू तिला वरनं मजला चढवावा.

भूल देताना लोक आकडे मोजायला लावतात. तू लावत नव्हतास. तू म्हणायचास, “घरातल्या माणसांची नावं सांगा. थोरल्यापासनं सुरू करा.” अण्णा, आई, मोठे काका, काकू... आपल्याकडची भरली घरं, पण चौथ्या-पाचव्या नावाच्या पुढं कोणी गेलं नाही. एक सासुरवाशीण तिसऱ्या नावाला, सासूच्या, अडली आणि तिथंच झोपली. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द चौथ्या नावाचा. तुझा विश्वास होता की माणूस आपल्या माणसांत असला की भूल कमी लागते. पुस्तकात असलं काही नाही. पण वीस वर्षांत तुझा एक पेशंट दगावला नाही, त्यामुळं पुस्तकाला विचारतो कोण.

मग भूकंप झाला. शाळेच्या मैदानातला तो तंबू, बाकावर बाक जोडून केलेलं टेबल, आणि बाहेर दुपारच्या उन्हात धुळीनं पांढरी झालेली माणसांची रांग. तिथं मी हात दोनशे कापले असं सांगत फिरतो. खरं म्हणजे अकरा. कितवी कोण जाणे, एक बाई आली. मनगट चिरडलेलं. तू सुई लावलीस आणि नेहमीसारखं, सवयीनं, बोलून गेलास, “घरातल्या माणसांची नावं सांगा, बाई. थोरल्यापासनं.”

बाईनं एक नाव घेतलं. स्वतःचं.

मग ती तुझ्याकडं बघत राहिली. डोळे टक्क उघडे. औषध अजून चढलं नव्हतं, आणि नावं संपली होती. तू तसाच वाकलेला, तुझं तोंड उघडं, आणि मी “चल रे, चल, रांग आहे बाहेर” म्हणून ओरडतोय. मला कुठं कळत होतं. मी मनगटाकडं बघत होतो. माणसाच्या कुठल्याही भागाकडं बघ म्हण, मी बघेन. तोंडाकडं तेवढं बघायला सांगू नको.

त्या दिवसानंतर तू कोणाला नावं विचारली नाहीस. आकडे मोजायला लावायचास, सगळ्यांसारखे. पंधरा वर्षं तसंच चाललं. आणि मग अट्ठेचाळिसाव्या वर्षी, माझ्याच केबिनमध्ये, चहाची बशी ओठाला लावून तू सांगितलंस, “पाटील, मी लाइन बदलून राहिलो. मनाचा डॉक्टर व्हायचं. परीक्षा देतो.”

मी हसलो. एवढा हसलो की खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या टाक्यांना ताण बसला. “अरे, आजवर तू पेशंटच्या डोक्याकडं उभा राहायचास, आता डोक्यात शिरणार?” म्हणालो. “कायकू पण? कायकू?”

तू म्हणालास, “त्या बाईचं पुढचं वाक्य मी ऐकलंच न्हाई, यार. मी तिला झोपवलं.”

मी विचारलं, कुठली बाई. खरंच विचारलं. त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

मग तू पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत जाऊन बसलास. तोवर लातूरची प्रत्येक गल्ली क्लास झाली होती. जिथं किराणा होता तिथं केमिस्ट्री, जिथं पिठाची गिरणी होती तिथं बायॉलॉजी. अभ्यासिकेत शंभर खुर्च्या, नव्व्याण्णववर मिसरूड न फुटलेली पोरं आणि दोन वेण्यांच्या पोरी, एकीवर तू. शेजारच्या धर्माबादच्या पोरानं तुला हळूच विचारलं, “काका, तुम्ही रिपीटर का?” तू म्हणालास, “हौ.” “कितवं वर्ष?” “तिसावं.” पोरानं आपला डबा उघडून अर्धी भाकरी तुझ्यापुढं ठेवली. हे सांगताना तुझे डोळे भरून आले होते. मी गावभर सांगताना ती अख्खी भाकरी आणि वर ठेचा केला.

तुला नांदेडला जागा मिळाली, तुझ्याच जन्मगावात. दोन वर्षं पोरांबरोबर वर्गात. तुझा शिकवणारा मास्तर म्हणजे जो बारा वर्षांचा असताना तू ज्याला टॉन्सिलसाठी झोपवलं होतंस, तो. पहिल्या दिवशी हजेरीला तो उठून उभा राहिला आणि तू बसून राहिलास, की उलट? मी दोन्ही सांगतो.

पण एक गोष्ट मी सांगितली ती गमतीची नव्हती. तू लाइन बदलतोयस म्हणाल्यावर मला राग आला होता. वीस वर्षं माझ्या टेबलाच्या डोक्याकडं उभा असलेला माणूस उठून चालला होता, आणि मला त्याला ‘थांब’ म्हणता येत नव्हतं. म्हणून मी डॉक्टरांच्या बैठकीत किस्सा उठवला: मुजीब एकदा स्वतःच्याच गॅसवर झोपला आणि पेशंटनं त्याला हलवून जागं केलं, म्हणून बिचारा घाबरून लाइन बदलतोय. लोक खुर्च्यांवरनं पडले. किस्सा माझ्यापेक्षा वेगानं पळतो, महिन्याभरात पेशंट विचारायला लागले, “तो झोपणारा डॉक्टर तर न्हाई ना?” तुझं वर्षभर काम आटलं. तुला ठाऊक होतं कोणी उठवलं. एकदाच म्हणालास, “किस्सा झकास है मियाँ. पण पुढच्या वेळी मला जरा उशिरा जागं कर.” आणि स्कूटरला किक मारलीस.

माफी मी मागितली नाही. मागणार होतो. बारा वर्षं मागणार होतो.

तू परत आलास ते आमच्याच गल्लीत पाटी लावून. आणि तुझ्या दारात काय रांग! क्लासची पोरं, त्यांना घेऊन आलेले बाप, उमरीचे, देगलूरचे, टोपी हातात धरून. “डॉक्टर, ह्याला झोप लागत न्हाई.” “लागत न्हाई का घेत न्हाई?” “घेत न्हाई.” “मग हे बापाचं दुखणं आहे, पोराला बाहेर बसवा.” माझ्या दवाखान्यात माणसं बरी झाली की मिठाई घेऊन यायची, तुझ्याकडं बरी झालेली माणसं रस्त्यात भेटली तरी ओळख दाखवत नव्हती. मी त्यावरनं तुला किती डिवचलं! तू म्हणायचास, “ओळख न्हाई दाखवली म्हणजे बरा झाला. तुझं बरं हाय, तुझी सही पोटावर असते.”

गेल्या वर्षापासनं माझा कप वाजायला लागला. आधी नुसती बशी. मी वर पंख्याकडं बघायचो, समोरचा पेशंटही बघायचा, दोघं मिळून म्हणायचो, “बारके धक्के चालूच आहेत की.” लई सोपं होतं, मुजीब. दुसऱ्या कुठल्या गावात हे जमलं नसतं. पुण्यात कप वाजला तर लोक हाताकडं बघतील. एकदा ओपीडीत टेबलावरचा स्टीलचा डबा एवढा खडखडला की आठ पेशंट आणि एक नातेवाईक चप्पल सोडून रस्त्यावर पळाले. मी त्यांच्या पाठोपाठ पळालो. सगळ्यांच्या पुढं पळालो.

असं वर्ष गेलं. मग त्या उमरीच्या पोरीच्या दिवशी भूल देणारा एकही मोकळा नव्हता. एक लग्नाला हैदराबादला, दुसरा तापानं पडलेला. अर्चना म्हणाली, पोरीला दुसरीकडं पाठवू. मी म्हणालो, मुजीबला बोलवा, त्यानं आपली पेटी जपून ठेवलीय. मीच तुला बोलावलं. हे लक्षात घे. मलाच कोणीतरी बघायला हवं होतं, की मला खात्री होती की तूही वरच बघशील? रात्रंदिवस विचार करतोय, ठरत नाही.

त्या संध्याकाळी गाडीत बसून आपण भांडलो. काचा वर.

“तुझ्या भूकंपातला भू कवाच गेला, पाटील,” तू म्हणालास. “नुसता कंप राहिलाय.”

“दमलो होतो. चहा जास्त झाला होता.”

“नक्को सांगू. मी पंधरा दिवसांमागंच बघितलं, शेख सरांच्या वलीम्याच्या जेवणात. बिर्याणीचा घास तोंडाला लागेना तुझा. लाइन बदल. कॉलेजं शरीररचना शिकवायला माणूस मागून राहिलीत. मेलेल्या माणसावर हात थरथरला तर तो तक्रार करत न्हाई.”

“बासष्टाव्या वर्षी?”

“मला अट्ठेचाळीसला रिपीटर म्हणाले. तुला शहीद म्हणतील.”

“आणि सर्जनच्या हातातनं सुरी काढली तर उरतं काय रे? गप्पा?”

“त्या लई हायत तुझ्यापाशी.”

मी हसलो नाही. मग तू कांबळे सरांचं नाव काढलंस. तुला ते ठाऊक होते. सगळ्या लातूरला आहेत. फिजिक्सचा मास्तर, मूळ धर्माबादचा, माईक नाकारून दीडशे पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. गळ्यात गाठ. थायरॉइड काढायचंय, आणि त्या गाठीच्या मागनं आवाजाची नस जाते, शेवग्याच्या शेंगेतल्या दोऱ्याएवढी. एक थरथर, आणि मास्तर आयुष्यभर कुजबुजणार. त्यांच्या आईचा हर्निया मी केला होता, म्हणून ते हटून बसलेत: हात लावायचा तर तुम्हीच, सर.

“त्या मास्तराच्या गळ्याला हात लावू नको,” तू म्हणालास. “मी कोणाला सांगणार न्हाई. तू त्यांना सांग. तुझ्या तोंडानं.”

बुधवारी तू फोन केलास. “सांगितलं का?” मी म्हणालो, “तू माझा डॉक्टर आहेस का?” तू म्हणालास, “हौ. बारा वर्षं झाली, तूच अजून पाटी वाचली न्हाईस.” मी फोन कापला. तू पुन्हा लावलास. मी तो वाजू दिला, आणि त्याच्या थरथरीनं टेबलावरचं पेन सरकत होतं, ते बघत बसलो.

शुक्रवारी तुझ्या घरनं रझिया भाभींचा फोन आला.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर तुला कब्रस्तानात नेलं. मी खांदा दिला. माझा हात खाटेच्या लाकडावर असा नाचत होता की पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “सबर करो, डॉक्टरसाब.” मग माती. तीन मुठी. पहिल्या मुठीतली निम्मी माझ्या बोटांतनं तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच गळाली. बघणाऱ्यांनी तोंड फिरवलं, एकदोघांनी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, दोस्ताचं दुःख. आणि मी, तुझ्या कबरीच्या काठावर उभा राहून, मुजीब, त्यांना तसं वाटू दिलं. आधी भूकंपाच्या आडोशाला लपलो होतो, आता तुझ्या.

दुःख खोटं नव्हतं. एवढं तरी माझं मान. मी आयुष्यात फुगवून न सांगितलेली ही एकच गोष्ट असेल, आणि नेमकी तीच कोणाला खरी सांगता येत नाही.

तू होतास तोवर काय होतं? तू ओरडशील, याची मला आतनं खात्री होती. म्हणून मी बिनधास्त होतो. तू नांदेडला होतास तेव्हासुद्धा मला वाटायचं, जास्त झालं तर मुजीब कुठनं तरी मान काढेल. आता टेबलाच्या डोक्याकडं एक हुशार पोरगा असतो, भूल चोख देतो, नजर यंत्रावर. हाताकडं बघायचं त्याचं काम नाही.

काल शनिवारी कांबळे सर दाखल झाले. कॉटवर बसून पोरांच्या उत्तरपत्रिका तपासत होते. मला बघून त्या कॉटवरनंच गरजले, “या सर! तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे!” पलीकडच्या खोलीतल्या बाईनं दार लावून घेतलं. असा आवाज.

सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते भलतंच. त्यांना मी ती औसा रोडच्या म्हशीची गोष्ट सांगितली. ते खदखदून हसले. तू गेलायस हे त्यांना माहीत नव्हतं.

मग मी व्हरांड्यात उभा राहिलो आणि मनाशी एक ठरवलं, तुला साक्ष ठेवून. स्वतः सांगायची छाती नाही, तर विचारायची तरी असावी. डॉक्टर अर्चना त्या दिवशी माझ्या समोर उभी होती. सुरी तिनंच माझ्या हातातनं घेतली. तिला विचारायचं. ती एक शब्द जरी बोलली, नुसती मान खाली घातली, तरी आत जाऊन मास्तरांना सांगायचं की गळा हैदराबादला दाखवा, माझा हात गेला. आणि मंगळवारी कॉलेजात शरीररचनेचा अर्ज.

तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. हात टेबलावर ठेवले, दोन्ही, मुद्दाम, तिच्या समोर, लपवले नाहीत. ते जे करतात ते करत होते.

“अर्चना, त्या उमरीच्या पोरीच्या ऑपरेशनला मुजीब ओरडला. कशाला ओरडला? तू काय बघितलंस? खरं सांग. मला ऐकायचंय.”

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हातातली फाइल उघडली.

“काही नाही, सर,” ती म्हणाली. “सोमवारी कांबळे सरांना नऊलाच घ्यायचं ना?”